अंगण फोडून आलेला भुईचाफा

एकदा काय झालं, वैशाखातलं ऊन एका गावात पाहुणं म्हणून आलं आणि जायचं नावच घेईना. विहिरीच्या काठावर बसलं, कौलांवर लोळलं, आणि मग शिरलं घराघरांच्या परसात, फुलझाडांच्या पाठीच लागलं. आणि नेमकं तेव्हाच, बरं का, भिवरा नावाच्या मुलीचं लग्न ठरलं!

या भिवराला तीन वहिन्या. थोरलीचा मोगरा आणि मधलीचा अनंत साऱ्या गावात नावाजलेले. धाकटीचं नाव येसू. ती माघातच लग्न होऊन आलेली. निघताना आईनं तिच्या पदरात ओंजळभर गड्डे घातले होते, आल्याच्या कुड्यांसारखे वेडेवाकडे. ते येसूनं अंगणाच्या कडेला पुरले. पण वर काही म्हणजे काही दिसेना. पान नाही, कोंब नाही. जावा हसायच्या, "येसूबाईंची बाग बघायला दिवा घेऊन या गं!" येसू वरून हसून घ्यायची. आतून मात्र चिडायची हो, चांगली चिडायची.

मग मुलाकडची आजी आली. म्हातारी मोठी खट. जाताना बजावून गेली, "ताज्या फुलांच्या हारांवाचून आमच्याकडे लग्न लागत नाही. कागदी फुलं चालायची नाहीत. हार नसले तर वऱ्हाड आल्या पावली परत जाईल."

झालं! घरात एकच धांदल. थोरली घाबरली. तिनं भर दुपारी मोगऱ्यावर घागरीमागून घागरी ओतल्या. विहिरीनं तळ गाठला, तापलेल्या मातीत मुळं उकडली, आणि कळ्या टपाटपा गळून पडल्या. दुसऱ्या दिवशी मधलीनं अनंतावर ओली चादर पांघरली. तर शेळी आली नि चादरीसकट अनंत फस्त करून गेली! हसू नका रे, तिकडे भिवरा रडून रडून लाल झाली होती. सात कोसांत कुठं फूल उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी येसूच्या सासऱ्यांनी मांडवासाठी अंगण करायला घेतलं. अंगण करायचं म्हणजे लाकडी चोपण्यानं जमीन चोपायची नि वर शेणानं सारवायचं. येसू धावत गेली.

"मामंजी, तेवढी कड सोडा हो. तिथं माझी फुलं आहेत."

"कुठं आहेत? दाखव."

आता येसू काय दाखवणार, कपाळ? मग चोपणं पडलं. धप्! धप्! धप्! संध्याकाळपर्यंत अंगण कसं तुळतुळीत झालं.

सगळे आत गेल्यावर येसूनं भुईला कान लावला. काही नाही. दिवेलागणीला पुन्हा लावला. उंदराच्या पिल्लासारखा बारीक श्वास ऐकू आला. लग्नाच्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा लावला, आणि काय सांगू! आतून गलका चालला होता, "तहान! तहान!"

जिवंत होते सगळे! येसू पाण्याला धावली. पण विहीर कोरडी. घरात भरलेला हंडा एकच, भिवराच्या हळदीच्या न्हाणाचा.

येसू म्हणाली, "सासूबाई, वन्संचं न्हाण त्या कडेला घालू या?"

"नव्या सारवणावर? वेड लागलं का तुला?"

पण भिवरा उठली. तोंडाला हळद तशीच. पाट उचलला, अंगणाच्या कडेला नेऊन मांडला, आणि त्यावर बसून म्हणाली, "घाला वहिनी. उगवलं तर उगवलं, नाहीतर माझं न्हाण तरी होईल."

मग येसूनं पहिला तांब्या ओतला. पिवळं पाणी वाहून गेलं. दुसरा ओतला. पाणी भुईत मुरलं. तिसरा ओतला, आणि टच्! सारवण तडकलं. बोटाएवढं जांभळं टोक वर आलं. मग टच्, टच्, टच्! पाटाभोवती, तुळशीपाशी, मांडवाच्या खांबांच्या बुडाशी! फुलं उमलली पांढरीशुभ्र, ओठावर जांभळी. पान नाही, फांदी नाही, फूल थेट भुईतूनच! आणि वास तर असा की गोठ्यातली गाय हंबरायला लागली.

"भुईचाफा! माझा भुईचाफा!" येसू नाचायलाच लागली. हा भुईचाफा हळदीच्या भावकीतला, बरं का. नात्यातली हळद लागली म्हटल्यावर तो आत कसा बसेल?

मग काय विचारता! थोरलीनं सुया आणल्या, मधलीनं दोरा आणला. दोघी येसूला विचारून विचारून, हलक्या हातानं ओवायला लागल्या. गोरज मुहूर्त जवळ आला. वेशीवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आणि शेवटची गाठ बसली तेव्हा म्हातारी दारात उभी!

हार झाले, पण फुलं कुठं थांबताहेत? अंगणभर टच्, टच् चालूच. वऱ्हाडाला पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात मामंजी धोतर सावरत पुढं धावले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "पाय जपून टाका! माझ्या सुनेची बाग आहे ही!"

येसूचे डोळे भरून आले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं रडू तिथं आलं, पण ते आनंदाचं हो. आणि ती खट म्हातारी? तिनं वहाणा हातात घेतल्या नि चवड्यांवर चालत आली. तिच्यामागून नवरा मुलगा, करवल्या, वाजंत्री, सगळं वऱ्हाड चवड्यांवर! अक्षता पडल्या, लग्न लागलं. पंगत मात्र रस्त्यावर बसली, कारण अंगणात एक पाट मांडायलाही जागा उरली नव्हती.

सगळी पोटभर जेवली, भिवरा सासरी सुखानं नांदली, येसूही आपल्या घरी आनंदात राहिली. चला, पुरे आता. मी पंख्यानं वारा घालते, तुम्ही मिटा बघू डोळे.