टिपणला हवं होतं ते गाठोडं

कॉम्प्युटरमधले प्रोग्राम एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका वाचनालयाच्या कॉम्प्युटरमध्ये टिपण आणि विहार असे दोन प्रोग्राम राहत. टिपण त्याच मशीनसाठी घडवलेला, अंगानं सडपातळ. विहार मात्र अख्खा ब्राउझर पाठीवर बांधून आलेला. त्या गाठोड्याच्या जोरावर तो कुठल्याही मशीनवर बिऱ्हाड थाटायचा.

टिपणचा नुसता जळफळाट व्हायचा. "ग्रंथपाल दमयंतीबाई माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत," तो मशीनच्या मेमरीला म्हणाला. "आल्या, पुस्तकाची नोंद केली, चालल्या! आणि त्या विहारला उघडलं, की हनुवटीला हात लावून किती वेळ टक लावून बघत बसतात. मलाही तसलं गाठोडं हवं."

"अरे, त्याच्या एकट्याच्या ओझ्यानं मी वाकलेय," मेमरी म्हणाली. "आणि तुला जायचंय तरी कुठं? तुझं घर हेच."

टिपण ऐकेना. हट्टानं त्यानंही एक ब्राउझर पाठीवर चढवला.

दुसऱ्या दिवशी एक वाचक पुस्तक घेऊन टेबलापाशी आला. दमयंतीबाईंनी टिपणला उघडलं. पडद्यावर एक चक्र गरगरत राहिलं. बाईंनी हनुवटीला हात लावला आणि त्या टक लावून बघू लागल्या. टिपण मोहरून गेला. अखेर आपलीही पाळी आली!

"काय बघताय एवढं?" वाचकानं विचारलं.

"बघतेय कुठं? वाट पाहतेय," बाई म्हणाल्या. "इतके दिवस तो विहारच ताटकळत ठेवायचा. आता हाही."