राजकन्येनं स्वतः भरलेली गादी

एका राज्यात गाद्या फुकट मिळायच्या. खरंच, फुकट! राजवाड्यात तीच गादी, झोपडीतही तीच. तमाळ नावाचा जादूगार त्या घरोघर पाठवायचा. इतकी मऊ, की पाठ टेकली की डोळा लागलाच. आणि जमिनीवर झोपावं म्हटलं, तर झोपच यायची नाही. तसा शापच होता त्याचा. फक्त दर अवसेला कुठल्यातरी घरातलं एक माणूस उठायचं नाही. त्याचं प्रेतसुद्धा तमाळ घेऊन जायचा. लोक रडायचे, आणि परत त्याच गादीवर पडायचे. करणार काय?

राजकन्या रेणावतीचा थोरला भाऊ असाच गेला. मग धाकट्या सोमकेतूच्या उशीवर काळं पीस येऊन पडलं. म्हणजे येत्या अवसेला त्याची पाळी.

"आबासाहेब, मी गादी करते," रेणावती म्हणाली. "आपली आपण."

"तुला साधी सुई ओवता येत नाही!" राजा दचकला. "तमाळच्या शापानं हातच्या गादीत जिथे गाठ राहील, तिथलं अंग दगड होतं. काळजाखाली राहिली तर?"

"म्हणून तर पहिली मी निजणार."

बोलली, आणि तडक विहिरीकडे गेली. विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्षी होता. तिनं त्याला गाठलं. "स्वतः विणण्यात फायदा काय रे?"

"तोटा आधी ऐक. माझी दोन घरटी पिल्लांसकट विहिरीत पडली."

"आणि फायदा?"

"तुझ्या गादीवर झोपून तू उठलीस, तर तमाळ संपला. शिवाय, आत काय भरलंय ते तुला ठाऊक असेल."

मग तीन कामं. सापांच्या बनातून तिनं सावरीचा कापूस आणला. तळव्यांत काटे मोडले. एका चेटकिणीकडून खोळ आणि सुई आणली. बदल्यात चेटकिणीनं तिचा आवाज अर्धा काढून घेतला. स्मशानात पिंजाऱ्याचं भूत होतं, त्याच्याकडे तिनं कापूस पिंजायची कमान मागितली.

"हात बघ, लोणी नुसतं!" भूत हसलं. "बोटं फुटतील, पोरी."

फुटली. कापूस पिंजून झाला, खोळ भरली, आणि मूठभर कमी पडला.

"ताई, माझ्या गादीतला घे ना," सोमकेतू म्हणाला. "किती मऊ आहे!"

तिनं त्याची गादी उसवली. आत कापूस नव्हताच. केस होते. माणसांचे, बारीक पिंजलेले. त्यांत थोरल्या भावाच्या बटेतला मोती अडकलेला.

तेवढ्यात तमाळ दारात उभा. "घे की मूठभर. कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती अर्ध्या आवाजात म्हणाली, आणि कमी पडलेलीच गादी शिवून टाकली. मध्ये हा एवढा खड्डा! भर दुपारी ती तिच्यावर आडवी झाली. राजा तिचे पाय धरून बसला. तिचा डोळा लागला, आणि राजाच्या हातातली डावी टाच, जिच्याखाली एक गाठ राहून गेली होती, गार पडली. टणक झाली. दगड. राजा ओरडणार, इतक्यात ती कूस बदलून चिडली, "आबासाहेब, पाय सोडा! झोपू द्या ना."

ती जागी झाली आणि राज्यभरच्या गाद्या फुटल्या. तमाळचा भुसा झाला. गेलेले परत आले नाहीत. लोकांनी आपापल्या माणसांचे केस ओळखले, जमतील तेवढे गोळा केले, आणि नदीकाठी चिता पेटवल्या.

आता तिथे घरोघरी गाद्या भरतात. कुठे गाठी, कुठे खड्डे, पण दगड कुणाचा होत नाही. रेणावती लंगडत हिंडते आणि टाके शिकवते. सकाळ झाली की सगळ्या राज्यात एकच कुरकुर: पाठ मोडली, मान धरली, कोणी भरली ही गादी! कुरकुरत का होईना, सगळे उठतात.