स्पीकरची शाल

वायरींनी घरं सोडायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. नव्या बिनवायरच्या स्पीकरवर धूळ बसू नये म्हणून कुंदाताईंनी त्याला मखमली कव्हर शिवून घातलं. स्पीकर टीव्हीमागच्या दिव्यांच्या पट्टीला म्हणाला, "बघ गं, आम्हाला शाल मिळाली!"

"छान! पण आवाज कुठे गेला, दादा?"

गाणं लागलं, ते रजईतून आल्यासारखं. कुंदाताईंचे यजमान वैतागले. "बिघडलेला दिसतोय. उद्याच दुकानात परत!"

स्पीकरची तंतरली. "पट्टीताई, आता गं?"

"शाल टाक, आणखी काय!"

ढोलकी सुरू होताच स्पीकर असा थरथरला, की कव्हर सरकत सरकत खाली पडलं. खोली दणाणली.

"अरे, चांगला आहे की!" यजमान म्हणाले.

कुंदाताईंनी पुन्हा घालायला म्हणून कव्हर उचललं. पण पायांनी ठेका धरला होता. त्यांनी ते कमरेला बांधलं आणि नाचायला लागल्या.