सायघाटची ठेंगणी चौकट

मंडळी, आत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबा. पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या लाकडांची तिरपी नक्षी, उंच धुराडे. सारे साहेबाच्या देशातल्या जुन्या मद्यगृहासारखे. इमारत दोन मजली आहे, पण दार एवढे ठेंगणे की लहानखुऱ्या माणसालाही मान लववावी लागते. कथा आहे ती त्या दारावरच्या आडव्या तुळईची.

छावणीतल्या गोऱ्यांसाठी विल्मॉट नावाच्या साहेबाने हे घर बांधले, असे सांगतात. लाकूडकाम गोंदाजी सुताराकडे होते. गोंदाजी माळकरी. नव्या लाकडावर करवत धरण्यापूर्वी तो हात जोडून त्याची क्षमा मागे; ही त्याच्या घराण्याची रीत. एके दिवशी साहेबाने डांबर फासलेली तुळई आणवली आणि ती मोडीत निघालेल्या विलायती जहाजाची आहे, असे सांगितले. मग हिची क्षमा पूर्वीच कोणी मागितली असेल, असे समजून गोंदाजीने हात न जोडताच ती कापली आणि दारावर चढवली.

दुपारी भाकरी खाताना त्याचा घास थांबला. ओठावर उडालेला भुसा अळणी लागला होता. तुळई आणणारा गाडीवानही सकाळपासून नजर चुकवत होता.

“साहेब, जन्मभर समुद्रात भिजलेलं लाकूड अळणी कसं?”

“पावसानं धुतलं असेल. तू लाकडं चाखत फिरतोस काय, मेस्त्री?” साहेब हसला, पण त्याच्याकडे न पाहता, म्हणे.

गोंदाजीने तुळईच्या एका खळग्यातले डांबर खरवडले. आत शेंदूर निघाला. भैरोबाच्या देवराईत थोरल्या जांभळीच्या ढोलीला गाव शेंदूर लावी, तोच हा. झाड तर गेलेच होते. पण क्षमेवाचून त्यावर आपली करवत चालली, हे त्याला सोसेना. तुळई देवाला परत द्या, म्हणून त्याने विनवले. ती उतरवलीस तर छावणीत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, असे साहेबाने बजावले.

“मग हातभर खाली तरी घेऊ द्या. तुमच्या मुलखात जुनी दारं ठेंगणीच असतात, असं तुम्हीच म्हणाला होता.”

साहेबाला संशय आला. कशाचा, ते उमगेना. त्याने चौकट मापली, ओळंबा लावला, तुळई ठोकून पाहिली. खोट सापडली नाही, तेव्हा होकार दिला.

घर उघडले त्या दिवशी गोंदाजी समोरच्या रस्त्याकडेला उभा होता. सहा फुटी साहेब टोपी काढून वाकला आणि आत गेला. त्याच्यामागून एकेक पाहुणाही तसाच. गोंदाजीने हात जोडले. शेजारच्या गवंड्याला तो एवढेच म्हणाला, “माझ्या एकट्याची क्षमा पुरली नसती, बाबा.”

साहेब गेले, मद्यही गेले. आजही या दारातून ताठ मानेने कोणी आत जात नाही. भिंतीवरची पाटी अजून जहाजाचेच लाकूड सांगते. ती मी वाचली आहे, आणि तुळईला जीभही लावून पाहिली आहे. अळणी आहे. चला, माना लववा.