लाखेने बंद केलेली मडकी

पूर्वी भरुकच्छ नगरीत एक राजा नांदत होता. त्या काळी बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्माला येऊन शंखद्वीप नावाच्या बेटावर उपचार करीत असे. बेटावर मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची वस्ती होती. पावसाळाभर दर्या बंद असायचा. ना गलबत यायचं, ना जायचं. मग कुणाचा पाय प्रवाळाने कापो, की कुणी बाळंत होवो, कोठीत असेल तेवढ्यावरच निभवायचं. म्हणून दर्या बंद होण्याआधी राजाचा भांडारी सोमिल शेवटच्या गलबतातून औषधांची मडकी आणून देई.

आता बेटाची रीत ऐका. मडक्यांची तोंडं लाखेने बंद केलेली असत. गलबत दिसेनासं झालं, की दुसऱ्या दिवशी नारळ वाढवून मगच ती लाख फोडायची. आधी फोडली तर औषधाचा गुण जातो म्हणे! कुणी लावली ही रीत देव जाणे, पण भांडाऱ्याच्या फार सोयीची होती मेली.

त्या बेटावर उत्पला नावाची पाणबुड्याची विधवा राहत होती. मागच्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याची मांडी प्रवाळावर फाटली. तेव्हाच्या म्हाताऱ्या वैद्याने कोठीतला मध लावून पट्टी बांधली. पट्टी सोडली तर आंबूस घाण वास! मध कुठला, गुळाचं पाणी होतं ते. नवरा कुजत कुजत गेला. लोकांनी शिव्या घातल्या त्या बिचाऱ्या वैद्याला, उत्पलानेही घातल्या. त्याच्या जागी बोधिसत्त्व आला.

यंदा गलबत लागलं तेव्हा उत्पलाचा मुलगा नंदिय पाय कापून घेऊन घरात पडला होता. ती किनाऱ्यावर उभी राहून मडकी उतरताना पाहत होती. इतक्यात बोधिसत्त्वाने एक दगड उचलला आणि पहिल्याच मडक्याची लाख फोडली.

"अहो वैद्यबुवा, हे काय केलंत!" लोक अंगावर धावले. "अपशकुन केलात!"

"राजाची मोहोर आहे ती!" सोमिल ओरडला. "हात लावू नका!"

बोधिसत्त्वाने मडकं वाळूवर उपडं केलं. वर चंदनाच्या चकत्या होत्या, खाली किडलेले हिरडे. दुसऱ्यात खवट तूप निघालं. तिसऱ्यात पट्ट्यांचं कापड होतं, उंदरांनी कुरतडलेलं. चौथ्यातला मध उत्पलाने बोटावर घेऊन चाटला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच गुळाचं पाणी, तोच आंबूस वास!

"मेल्या, माझा नवरा खाल्लास, आता पोराच्या जिवावर उठलास?" शिंपले फोडायची सुरी उपसून ती सोमिलाकडे झेपावली. कुणीही तिला अडवलं नाही. कशाला अडवतील?

बोधिसत्त्व मध्ये येऊन उभा राहिला.

"बाई, याचा गळा धरावा असं मलाही वाटतंय. पण याला मारून पोराच्या पायाला बांधशील काय? याचं कातडं?"

मग तो सोमिलाकडे वळला. "चांगला माल कुठे आहे?"

सोमिलाची पाचावर धारण बसली होती. "राजाच्या भांडारात, आतल्या खोलीत... नगरातल्या मोठ्या घरांसाठी राखून ठेवलाय."

"त्यांच्या दारात रोज बाजार भरतो!" उत्पला किंचाळली. "आमच्या दारात काय भरतं रे?"

बोधिसत्त्वाने सोमिलाच्या बोटातली मोहोरेची अंगठी काढून उत्पलाच्या हातात दिली. "तू भांडारात जा, ही अंगठी दाखव. चाखून, हुंगून, फाडून बघ, मगच उचल. हा इथेच राहील. याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही."

गलबताचा तांडेल म्हणाला, "वारा अजून धरून आहे, पण ही शेवटची खेप. उशीर झाला तर बाई तिकडेच अडकेल."

मुलगा तापाने फणफणलेला, आणि त्याला सोडून जायचं! उत्पलाला रडू फुटलं, पण ती गलबतात चढली.

इकडे बोधिसत्त्व मिठाच्या कोमट पाण्याने नंदियची जखम धूत राही आणि सोमिलाला पाय धरायला बसवी. मुलगा कळवळला की सोमिल तोंड फिरवी. "इकडे बघ," बोधिसत्त्व म्हणे, "तुझंच काम आहे हे." गलबत परतलं तेव्हा समुद्र खवळला होता आणि नंदियच्या पायाला वास येऊ लागला होता. उत्पला मधाचं मडकं कवटाळून गुडघाभर पाण्यातून धावत आली. तीन बोटं गेली, पण पाय वाचला.

दर्या बंद झाला. पुढे सोमिलालाच हिवताप भरला. "याला कसलं औषध देता? मरू दे!" लोक म्हणाले. उत्पलाही तेच म्हणाली. बोधिसत्त्वाने त्याच मडक्यातलं, सगळ्यांना देई तेवढंच औषध काढलं आणि काढ्याची वाटी तिच्यापुढे धरली. तिचा राग गेला नव्हता, तो कधीच गेला नाही. तरी तिने वाटी घेतली आणि सोमिलाच्या तोंडाला लावली. तेव्हापासून बेटाची रीत बदलली. गलबत उभं असतानाच लाख फोडायची, आणि ज्याने मडकी भरली त्याने पावसाळाभर बेटावरच राहायचं.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, थांबले. समोर अरण्यातल्या विहारात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभराच्या मुक्कामाला, निघालेले भिक्षू बसले होते. त्यांची औषधांची मडकी दाराशी बांधून तयार होती.

"भिक्षूंनो, तेव्हाची उत्पला म्हणजे आज आजाऱ्यांची सेवा करणारी ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी शुभदत्ता. नंदिय म्हणजे लंगडत चालणारा तुमचा सोबती धम्मिल. बेटावरचा वैद्य मी होतो. आणि सोमिल आज विहाराची कोठी सांभाळतो."

कोठीचा भिक्षू मान खाली घालून उठला. दाराशी जाऊन त्याने मडक्यांच्या दोऱ्या सोडायला सुरुवात केली.

"नीट भर," शास्ते म्हणाले, "आणि यंदाच्या वर्षावासाला त्यांच्याबरोबर तूही जा. संताप अनावर झाला असताना ज्याने सोमिलाला वाचवलं आणि त्याच्या पदरात त्याचं काम घातलं, त्या वैद्याची ती क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता, होती."