अंतरपाटाचे टोक

एकदा एक इंग्रजीचे वृद्ध गुरुजी आपल्या लाडक्या विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले. निरंजन त्याचे नाव. 'शॅल' आणि 'विल' यांतला फरक त्याच्याइतका चोख वर्गात कोणालाच सांगता येत नसे. "स्वतःविषयी बोलताना 'शॅल' म्हटले की नुसते घडणारे सांगितले, आणि 'विल' म्हटले की त्यात आपला निश्चय आला," असे तो घडाघडा म्हणे. पैकीच्या पैकी गुण! गुरुजींविषयीच्या आदरापोटी त्याने अंतरपाटाचे एक टोक त्यांच्या हाती दिले होते.

मंगलाष्टके झाली. शेवटच्या 'सावधान'ला अक्षता पडल्या, सनई सुरू झाली. भटजी अंतरपाट काढू लागले, तर गुरुजींनी आपल्याकडचे टोक मुठीत आवळले आणि हात काही खाली घेईनात.

आता सांगा, असे कोणी कुठे करते का? सनई अडखळून थांबली. "अहो गुरुजी, मुहूर्त टळतोय!" भटजी कळवळले. वरमाय पांढरीफटक पडली. मुलीच्या वडिलांच्या तर पायाखालची जमीनच सरकली. "म्हाताऱ्याला चळ लागला की काय?" मागून कोणीतरी बोललेच.

"निरंजन," गुरुजी म्हणाले, "काल सीमांतपूजनाला हेमांगीच्या वडिलांनी तुला विचारले, हिचे डॉक्टरकीचे शेवटचे वर्ष राहिले आहे, त्याचे काय? तू काय म्हणालास?"

"म्हणालो... होईल की."

"आणि तुझी आई 'पुढचे पुढे बघू' म्हणाली, तेव्हा?"

निरंजनने मान खाली घातली. तेव्हा तो गप्पच बसला होता.

"होईल!" गुरुजींचा आवाज चढला. "अरे, पाऊस होईल, आंब्याला मोहोर येईल. त्यात तू कुठे आहेस? मी शिकवलेला फरक तू पेपरात लिहिलास आणि तिथेच ठेवून आलास. एका बोलण्यात पुढचे दिवस आपोआप येतात, आपण नुसते बघत उभे. दुसऱ्यात माणूस स्वतः जामीन राहतो. घटकाभराने तुला 'नातिचरामि' म्हणायचे आहे. तेही 'होईल की'सारखेच म्हणणार असलास, तर हे कापड मधे असलेलेच बरे. ही पोर रात्रीचा दिवस करून शिकली आहे रे!"

निरंजनने एकवार आईकडे पाहिले. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे तो म्हणाला, "मी हिला शिकायला पाठवीन. आई, तू नको म्हणालीस तरी पाठवीन."

"अगं बाई!" वरमाईने तोंडावर पदर धरला. गुरुजींचा चेहरा खुलला. त्यांनी मूठ सैल केली, तोच अंतरपाटापलीकडून आवाज आला.

"थांबा गुरुजी, सोडू नका!"

सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. नवरी मुलगी, आणि बोहल्यावर बोलते? तिच्या पाठीशी उभा असलेला मामा "हेमा, हेमा" करत राहिला.

"पाठवणारे हे कोण?" हेमांगी म्हणाली. "मी जाईन. शेवटचे वर्ष मी पूर्ण करीन. यांनी 'आडवा येणार नाही' एवढेच म्हणावे."

गुरुजींनी सैल केलेली मूठ पुन्हा आवळली.

"नाही येणार आडवा," निरंजन हळूच म्हणाला. "कोणाला येऊही देणार नाही."

"सोडू का गं आता?" गुरुजींनी विचारले.

"सोडा."

अंतरपाट दूर झाला, हार पडले, सनई पुन्हा वाजू लागली. भटजी मात्र घुश्शातच होते. "मुहूर्त टळला की हो तुमच्यापायी! मिळवलेत काय एवढे?"

गुरुजी खुर्चीवर टेकले आणि त्यांनी हेमांगीकडे पाहिले.

"जन्मभर मी पोरांना निश्चय कसा बोलायचा ते शिकवत आलो," ते म्हणाले. "पण दुसऱ्याच्या आयुष्याचा निश्चय आपण बोलायचा नसतो, हे शिकवायचे राहूनच गेले होते. ते आज तिने शिकवले."