ताटाबाहेर सांडलं ते मुंगीचं

एक होतं घर. घरात होता कोपरा. कोपऱ्यात होतं ताट. ताटात होता रवा. रव्यात होतं एक बोट. इवलंसं, गुबगुबीत. ते होतं कुहूचं बोट.

कुहू अडीच वर्षांची. आई तिला अ शिकवत होती. बोटाने, रव्यात, खेळत खेळत.

पण रवा सांडायचा. भुरुभुरु, भुरुभुरु. म्हणून आईने केला एक नियम.

"ताटात राहिलं ते कुहूचं. ताटाबाहेर सांडलं ते मुंगीचं!"

भिंतीच्या फटीत होती एक मुंगी. तिने ऐकलं. तिला नियम फार म्हणजे फार आवडला.

कुहूने काढली रेघ. वळवळ, वळवळ.

"साप!" कुहू म्हणाली.

"साप नको गं राणी. अ काढ, अ," आई म्हणाली. आणि तिने साप पुसला. फस्स!

कुहू रुसली. पाठ फिरवून बसली. मुठी घट्ट मिटल्या.

पुसता पुसता एक दाणा उडाला. टुप्! पडला ताटाबाहेर.

"माझा!" मुंगी म्हणाली. निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

तेवढ्यात आईने ताट उचललं. पाटी आणली. ठेवली जमिनीवर. धप्प! नेमकी दाण्यावर.

मुंगीला आला राग. केवढा राग? मुंगीहून मोठा! तिने सहाच्या सहा पाय आपटले. टपटप, टपटप, टपटप!

"पाटीबाई, पाटीबाई, ऊठ. खाली माझा दाणा आहे."

पाटी म्हणाली, "मी नाही उठत, जा! सकाळपासून कोरी बसलेय. खडू लिहील, तर मी उठेन."

मुंगी गेली खडूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खडूदादा, खडूदादा, लिही.
पाटी काही उठेना,
दाणा माझा सुटेना,
हा कुठला न्याय?"

खडू म्हणाला, "मी नाही लिहीत, जा! मी काय एकटा चालू? बोटं धरतील, तर मी लिहीन."

मुंगी गेली बोटांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोटांनो, बोटांनो, धरा.
खडू काही लिहीना,
पाटी काही उठेना,
दाणा माझा सुटेना,
हा कुठला न्याय?"

बोटं म्हणाली, "आम्ही नाही धरत, जा! आम्ही आहोत मुठीत. कुहू हसेल, तर आम्ही धरू."

मुंगी गेली कुहूच्या कानाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कुहूताई, कुहूताई, हस.
बोटं काही धरेनात,
खडू काही लिहीना,
पाटी काही उठेना,
दाणा माझा सुटेना,
हा कुठला न्याय?"

कुहू म्हणाली, "मी नाही हसत, जा! आईने माझा साप पुसला. आई खेळेल, तर मी हसेन."

"साप पुसला?" मुंगी ओरडली. "तुझा साप, माझा दाणा! थांब, बघतेच तुझ्या आईकडे!"

मुंगी गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आईबाई, आईबाई, खेळ.
कुहू काही हसेना,
बोटं काही धरेनात,
खडू काही लिहीना,
पाटी काही उठेना,
दाणा माझा सुटेना,
हा कुठला न्याय?"

आई म्हणाली, "मी नाही खेळत, जा! हे बघ फोनवर. कोणाचा कोण रुद्रांश, दोन वर्षांचा. अ ते ज्ञ घडाघडा म्हणतोय. आणि आमचं अजून अ वरच अडलंय. माझंच काहीतरी चुकतंय बाई. फोन गप्प बसेल, तर मी खेळेन."

मुंगी गेली फोनकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फोनराव, फोनराव, गप्प बसा.
आई काही खेळेना,
कुहू काही हसेना,
बोटं काही धरेनात,
खडू काही लिहीना,
पाटी काही उठेना,
दाणा माझा सुटेना,
हा कुठला न्याय?"

फोन म्हणाला, "टिंग! मी नाही गप्प बसत, जा! टिंग! आई मला खाली ठेवेल, तर मी गप्प बसेन. टिंग!"

मुंगी थांबली. लाल लाल झाली.

"वा रे वा! आई म्हणते फोन. फोन म्हणतो आई. आणि मी नुसती फिरू? नियम केला कोणी? आईने! माझा दाणा दाबला कोणी? आईने! आता बघाच!"

आपटले सहाच्या सहा पाय. टपटप, टपटप, टपटप! चढली आईच्या पायाच्या अंगठ्यावर. आणि चावली. कच्च!

"आई गं!" आई ओरडली.

फोन सुटला. पडला उशीवर. फोन झाला गप्प.

आई उडाली एका पायावर. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

कुहूने वळून बघितलं. "आई लंगडी खेळते!"

आई काही खेळत नव्हती. पण कुहू हसली. खी खी खी! मग आईने दुसऱ्या पायावरही लंगडी घातली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. त्या पायाला तर मुंगी चावली होती!

आई खेळली, कुहू हसली.
कुहू हसली, मूठ सुटली.
मूठ सुटली, बोटांनी खडू धरला.
बोटांनी धरला, खडूने लिहिलं.

काय लिहिलं? अ?

छे! वळवळ, वळवळ. साप!

आईने हात पुढे केला. मग हळूच मागे घेतला.

"छान आहे गं साप," ती म्हणाली. "त्याची जीभ कुठाय?"

कुहूने जीभ काढली. सापाला एक, स्वतःची एक. मग दोन्ही हातांनी पाटी उचलली. "आई, बघ!"

पाटी उठली. दाणा सुटला!

मुंगी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पण आईनेही दाणा बघितला. "अगंबाई, इथे रवा राहिला की!" आणि तिने उचललं फडकं.

मुंगी जागच्या जागी थांबली. फडकं आलं. जवळ आलं. अगदी जवळ आलं...

"नाही!"

कोण ओरडलं? कुहू! उभी राहिली. कमरेवर हात. गाल लाल लाल. पाय आपटला. टप!

"पुसायचं नाही! ताटाबाहेर सांडलं ते मुंगीचं!"

आई बघतच राहिली. अख्खाच्या अख्खा नियम. एका दमात.

"खरंय गं बाई," आई म्हणाली. "मीच म्हटलं होतं." आणि तिने फडकं खाली ठेवलं.

मुंगीने दाणा उचलला. दाणा मोठा, मुंगी छोटी. पण चालली कशी? मान वर करून. तुरुतुरु, तुरुतुरु, थेट फटीत.

मुंगीचा दाणा मुंगीला मिळाला. कुहूचा साप कुहूला मिळाला.

आणि अ?

अ बसलाय ताटात, रव्याखाली. बसू दे. दुपारी बघू.